अर्विन निच्की फिरायला जातो

कारुन्नाच्या रस्त्यावर माणूस पायी चालताना दिसला तर त्याचा अर्थ एकच: त्याची गाडी कुठेतरी बंद पडली आहे. मग त्याच्यापाशी थांबायचं, दार उघडायचं, त्याला आत घ्यायचं आणि जिथे जायचं असेल तिथे नेऊन सोडायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला कोणी पाहिलेला नाही. मॅली म्हणतात त्या कोरड्या मुलखात दोन घरांच्या मध्ये नुसता गहू आणि वाळू. असा रिवाज नसता तर निम्मी माणसं उन्हात वाळून गेली असती, हे कबूल. पण त्यापायी लोकांची चालायची सवयच मोडली. फाटकावरच्या पेटीतून टपाल आणायलासुद्धा तिथला गडी गाडी काढतो.

म्हणून हृदयाची नर्स मारिविक जेव्हा म्हणाली, "रोज अर्धा तास चालायचं," तेव्हा अर्विन निच्कीने सरळ विचारलं, "कुठे?"

"कुठे नाही. नुसतं चालायचं."

अर्विनने तिच्याकडे दयेने पाहिलं. मारिविक फिलिपिन्सच्या कुठल्याशा बेटावरून आलेली. तिथे जागा कमी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकेपर्यंत समुद्र येत असेल, म्हणून चालत असतील बिचारे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

अर्विनला तेव्हा एकोणऐंशीवं लागलं होतं आणि त्याच्या छातीत नुकताच पेसमेकर बसवला होता. त्याआधी त्याचं हृदय इतकं सावकाश चालायला लागलं होतं की एका रविवारी चर्चच्या जेवणात बोलता बोलता तो समोरच्या केकमध्ये तोंडघशी पडला. केक थेल्मा झाडोने केलेला होता, त्यामुळे तो केकबद्दलचं मत सांगतोय असंच आधी सगळ्यांना वाटलं. बराच वेळ त्याने मान वर केली नाही तेव्हा कुठे लोक उठले.

मारिविकने त्याला यंत्र समजावून सांगितलं. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढी डबी आहे. छाती हलली की डबीला वाटतं माणूस कामाला लागला, मग ती ठोके वाढवते. माणूस स्वस्थ बसला की कमी करते. अर्विनचा सगळा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेला होता आणि यंत्राला काहीतरी 'वाटतं' असं कोणी म्हटलं की त्याला हमखास शंका येई. ती शंका लगेच खरी ठरली. रुग्णालयात त्याला व्यायामाच्या सायकलवर बसवलं. पाय गरगर फिरले, छाती मात्र जागची हलली नाही. डबीला वाटलं, म्हातारा निवांत बसलाय. ठोके जिथल्या तिथे आणि अर्विन कुत्र्यासारखा धापा टाकतोय. मारिविकने त्याला उतरवलं आणि म्हणाली, सायकल राहू द्या, तुम्ही हात हलवत चाला, म्हणजे तिला कळेल.

हृदयाचं काय व्हायचं ते होवो, अर्विनला त्याची फारशी पर्वा नव्हती. त्याला मेल्वा घरी हवी होती. मेल्वा त्याची बायको. मागच्या पेरणीच्या दिवसांत तिला अर्धांगाचा झटका आला आणि पाय गेले. तेव्हापासून ती कारुन्नाहून पाऊण तासावर असलेल्या शहरातल्या वृद्धनिवासात होती. डोकं तिचं शाबूत होतं, जीभ तर होतीच होती. घरी न्यायला कोणाची हरकत नव्हती, फक्त निवासाच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं: तिला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, खुर्ची ढकलायची, हे करणारा माणूस स्वतः धडधाकट हवा. अर्विनचं हृदय तेवढं तयार आहे असं मारिविकने सांगितलं तर पुढच्या महिनाअखेरच्या बैठकीत होकार. नाहीतर मेल्वाची खोली कायमची. 'कायमची' हा शब्द त्या बाई फार सहज उच्चारायच्या.

तेव्हा अर्विन चालायला निघाला. घरापुढच्या रस्त्याला त्याच्या आजोबाचं नाव आहे, निच्की रोड, पण त्यावर आजवर एकही निच्की पायी गेला नव्हता. फाटकाबाहेर पडतोय तोच शेजारच्या शेताचा मालक डडली क्लायनिग युट घेऊन आला. ही तिकडची पुढे दोघांना बसायला जागा आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. डडलीने काच खाली केली.

"काय झालं रे?"

"काही नाही. चालतोय."

"ते दिसतंय. गाडीला काय झालं?"

"गाडी बरी आहे."

डडलीने थोडा विचार केला. "मेल्वा?"

"तीही बरी आहे."

"मग बस की आत लेका, उन्हात कशाला उभा राहतोस."

अर्विन बसला. नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसने उचललं. तिसऱ्या दिवशी टपालवाल्या बाईने. मग पाद्रीबाबांनी. त्यांनी तर वाटेत गाडी थांबवून, घरात काही भांडण झालंय का, मन मोकळं कर, म्हणून पाठीवर हात ठेवला. एकदा खताच्या ट्रकने उचललं आणि ट्रक निघाला होता थेट नदीपलीकडे. तिथून परत आणून सोडायला तिघांना गाड्या काढाव्या लागल्या. अर्ध्या तासाच्या फिरण्याला अर्विनला पुरता दिवस लागला आणि त्यात तो फाटकापासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंतच काय तो चालला.

शेतात चालावं म्हटलं तर मऊ वाळूत घोटे रुततात, गव्हाचे खुंट टोचतात आणि वर सापांचे दिवस. एकदा गेलाही. तर डडलीने लांबून पाहिलं आणि शेत तुडवत ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. अंगणात कपड्यांच्या दोरीभोवती फेऱ्या मारून पाहिल्या, पण घाण्याला जुंपल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी अर्विनने व्यायामाला रामराम ठोकला आणि आधीपासून करत होता तेच करत राहिला: सकाळी युट काढायची, मेल्वाकडे जायचं, जेवायच्या वेळी तिच्याजवळ बसायचं, दुपारी परत यायचं.

आता या निच्की रोडबद्दल दोन शब्द बोललंच पाहिजे. डांबर त्याने कधी पाहिलेलं नाही. वाहनांनी दाबून दाबून त्याचा पन्हळी पत्रा झाला होता, एकामागून एक उंचवटे, शहराच्या वेशीपर्यंत. त्यावरून गाडी नेली की दातातली कवळी वाजते आणि आरसा आपोआप वळून छताकडे बघायला लागतो. अर्विन नगरपरिषदेच्या प्रत्येक सभेत उठून या रस्त्याची तक्रार करायचा. तो उठला की लोक चहा आणायला जायचे.

आणि मग एके दिवशी मारिविकचा फोन आला. अर्विनच्या पलंगाजवळ एक खोका ठेवलेला होता, तो रात्री छातीतल्या डबीशी बोलायचा आणि काय कळलं ते रुग्णालयाला सांगायचा. त्याने सांगितलं होतं की हा म्हातारा रोज सकाळी आणि रोज दुपारी, एकही खाडा न करता, चांगला पाऊण तास झपाझप चालतो. ठोके असे वाढतात की पन्नाशीतल्या माणसाने लाजावं. मारिविकच्या आवाजात आनंद मावत नव्हता. तिच्या सगळ्या रुग्णांत असं मन लावून कोणी केलं नव्हतं, असं ती म्हणाली.

अर्विनच्या ताबडतोब लक्षात आलं. युटमध्ये बसल्या बसल्या छातीत घोडा उधळल्यासारखं व्हायचं ते त्यालाही जाणवत होतं. मेल्वाला भेटायच्या ओढीने होत असेल, असं तो समजत होता. आपलं आपल्यालाच जरा कौतुकही वाटायचं, या वयात म्हणून. तर ते प्रेम नव्हतं, रस्ता होता. गाडी हादरते, छाती हादरते आणि डबीला वाटतं अर्विन पळतोय.

तो खोटं बोलला नाही. नुसता "हं" म्हणाला. पण खरं गिळलं ते गिळलंच, आणि एकदा गिळलेलं बाहेर काढणं किती अवघड असतं ते ज्याने गिळलंय त्यालाच ठाऊक.

पुढे तर कहरच झाला. मारिविकने त्याचा फोटो रुग्णालयाच्या फळ्यावर लावला. हृदयाच्या इतर रुग्णांपुढे त्याला चार शब्द बोलायला उभं केलं. अर्विनने घसा खाकरला आणि सांगितलं की सातत्य पाहिजे, वारा असो धूळ असो, जायचं म्हणजे जायचंच, आणि माणसाला कुठेतरी पोचायचं असलं की जमतं. यातला शब्दन् शब्द खरा होता. मागच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. कोणीतरी बूट कुठले वापरता म्हणून विचारलं, तेव्हा त्याने शेतावरचे म्हणून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तीन म्हातारे शेतावरचे बूट घालून आले आणि तिघांनाही फोड आले. निवासाच्या बाई मेल्वाच्या खोलीशी थांबून म्हणाल्या की आता बैठक म्हणजे नुसती औपचारिकता. मेल्वाने घरच्या पडद्यांचं माप विचारलं. अर्विन घरी गेला, माप घेतलं आणि स्टुलावर उभा राहून स्वतःला म्हणाला की देवाने एवढं एक चालवून घ्यावं.

देवाने नाही, नगरपरिषदेने घोळ घातला. एका सकाळी अर्विन फाटकाबाहेर आला तर समोर रस्ता सपाट करायचं भलं मोठं पिवळं यंत्र उभं आणि वर नगरपरिषदेचा केल्विन बसलेला.

"घे, झालं तुझ्या मनासारखं," केल्विन म्हणाला. "इतकी वर्षं डोकं खाल्लंस, आता बघ कसा बिलोरी आरसा करतो."

अर्विन यंत्रापुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, आत्ता नको. महिनाअखेर कर. नाहीतर सुगीनंतर. नाहीतर दुसरीकडे किती वाईट रस्ते आहेत, तिथे जा, या रस्त्याची सवय झालीये. केल्विनने यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि त्याला हळूच विचारलं की छातीतलं ते मशीन डोक्यापर्यंत तर गेलं नाही ना. मग त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि चार दिवसांत वेशीपर्यंतचा निच्की रोड टेबलासारखा गुळगुळीत करून टाकला. हा रस्ता सपाट झाल्यावर रडकुंडीला आलेला माणूस कारुन्नाच्या इतिहासात दुसरा नसेल.

दुसऱ्या दिवसापासून अर्विन मेल्वाकडे जाताना आरामखुर्चीत बसल्यासारखा जायचा आणि त्याचं हृदयही तसंच. खोक्याने चुगली केलीच. मारिविकचा फोन आला, आवाज काळजीचा. "अर्विन, तुम्ही चालणं एकदम थांबवलंत. काय होतंय तुम्हाला?"

आणखी एकदा गिळणं त्याच्याने झालं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. मारिविकने फोन ठेवला. मग तिची छोटी गाडी घेऊन ती स्वतः कारुन्नाला आली, त्याच्या युटमध्ये बसली आणि अजून सपाट न झालेल्या एका आडरस्त्याने गाडी न्यायला लावली. त्याच्या मनगटावर बोटं ठेवून ती उंचवट्यांवर उडत होती, टोपी घसरून नाकावर आलेली. परत आल्यावर ती उतरली, युटच्या दाराला टेकली आणि पोट धरून हसली. हसून झालं तशी गंभीर झाली.

"ठोके वाढले, पण पायांनी काही केलंच नाही. ती डबी तुमच्याऐवजी पळू शकत नाही, अर्विन. मेल्वाला उचलताना तुम्ही पडलात तर दोघंही पडाल. मी सही कशी करू?"

मग मारिविकनेच तोड काढली. बैठकीच्या दिवशी ती स्वतः निवासात येईल आणि तिथल्या लांबच लांब मार्गिकेत त्याला सहा मिनिटं चालायला लावेल. हृदयाच्या लोकांची ती नेहमीची चाचणी असते. न थांबता चालला तर सही. डबीही ती जरा नीट लावून देईल. पण चालायचा सराव त्याने करायचा, आणि पायांनी.

म्हणजे घोडं पुन्हा तिथेच पेंड खायला लागलं. चालणार कुठे? अर्विनने डडलीला सगळं सांगितलं आणि हात जोडून विनवलं की बाबा, तू तरी मला उचलू नकोस. डडलीने त्याला न उचलायचा प्रामाणिक प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी तो अर्विनला ओलांडून पुढे गेला, थोड्या अंतरावर थांबला, मागे आला आणि म्हणाला, "नाही जमत रे. माझ्या बापाने वरून बघितलं असतं तर काय म्हटलं असतं त्याने?" पण डोकं त्याचं चांगलं. घरापर्यंत सोडता सोडता त्याला सुचलं.

"एक मेंढी घे."

"कशाला?"

"माणूस एकटा चालत असला म्हणजे गाडी बंद पडली. मेंढीमागून चालत असला म्हणजे कामावर आहे. कामावरच्या माणसाला कोण उचलतंय?"

याला म्हणतात अक्कल. अर्विनकडे एक जुना मेंढा होता, हर्मन. मेल्वाने त्याला कोकरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवला होता, म्हणून तो आजवर ताटात आला नव्हता. अर्विनने त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि निघाला. समोरून खताचा ट्रक आला. अर्विनने श्वास रोखला. ट्रक हळू झाला, ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, तिकडे नमस्कार म्हणून तेवढंच करतात, आणि ट्रक गेला. मागून शाळेची बस आली, तीही गेली. पाद्रीबाबांनी तर मेंढराला धूळ लागू नये म्हणून गाडी कडेला घेतली.

तेव्हापासून अर्विन रोज चालला. आधी कोपऱ्यापर्यंत, मग झाडोंच्या बांधापर्यंत, मग धान्याच्या कोठारापर्यंत. मेंढ्याची चाल म्हणाल तर हट्टी. त्याला गवत दिसलं की थांबणार आणि वास आला की सुटणार, पण त्याच्या ओढाताणीत अर्विनचे हातही हलायचे आणि छातीही. डबी आता खऱ्याला खरं म्हणायला लागली. अर्विनचा रंग सुधारला. झोप लागायला लागली. सकाळच्या उन्हात कोठारावरून गुलाबी काकाकुव्यांचा थवा उठायचा. इतकी वर्षं युटच्या काचेतून त्याला ती नुसती पिकावरची पीडा दिसायची, आता तो उभा राहून बघायचा. चालण्यात काहीतरी आहे, हे त्याला कळलं होतं. कबूल मात्र तो फक्त हर्मनजवळ करायचा.

कारुन्नात गोष्ट लपून राहत नाही. थेल्मा झाडो मेल्वाला भेटायला गेली आणि केकबरोबर बातमीही घेऊन गेली. त्या दिवशी अर्विन निवासात पोचला तर मेल्वा खिडकीकडे तोंड करून बसलेली. त्याने पडद्याच्या कापडाचा तुकडा दाखवायला पुढे केला. तिने बघितलंच नाही.

"थेल्मा म्हणाली, तू हर्मनला रोज फिरायला नेतोस."

"हो, म्हणजे ते त्याचं असं आहे की..."

"लग्न झाल्यापासून दर रविवारी चर्चमधून आल्यावर मी म्हणायचे, अर्विन, चल जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. तू काय म्हणायचास?"

तो म्हणायचा, कशाला, गाडीला काय झालंय?

"माझे पाय होते तेव्हा तुला चालता येत नव्हतं," मेल्वा म्हणाली. "आता माझे गेले, तर तू मेंढ्याला घेऊन हिंडतोस."

हे तुझ्यासाठीच करतोय, तुला घरी न्यायला, असं त्याने परोपरीने सांगितलं. सगळं खरं होतं, पण मेल्वाला ते ऐकायचं नव्हतं. आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल? बैठकीच्या दिवसापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. घरी यायचंच नाही असंही ती निवासाच्या बाईंना म्हणाली, असं अर्विनच्या कानावर आलं. त्या रात्री तो जेवला नाही. आपण पास झालो तरी ती येणार नसेल तर मग चालायचं तरी कशासाठी, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

तरी बैठकीच्या दिवशी तो गेला. निवासाची मार्गिका लांब, फरशी चकचकीत, दोन्ही बाजूला खोल्या. निवासाच्या बाई एका टोकाला कागद घेऊन उभ्या. मेल्वाला चाकाच्या खुर्चीत आणून भिंतीशी ठेवलेलं, हाताची घडी घालून. मारिविकने घड्याळ काढलं आणि म्हणाली, सुरू करा.

अर्विन निघाला. पावलं बरी पडत होती. तेवढ्यात मागून विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून नव्वदीचे विल्फ पास्को आले. विल्फ आयुष्यभर कारुन्नाचे शेतकरी. त्यांनी अर्विनला पायी चालताना पाहिलं आणि गाडी थांबवली.

"काय झालं रे? बस मागे."

मारिविक धावत आली, विल्फना समजावलं, गाडी वळवून त्यांच्या खोलीत नेली. पुन्हा सुरुवात. या वेळी समोरच्या खोलीतून एका म्हातारीने आपली चाकाची खुर्ची दाराबाहेर ढकलली आणि अर्विनला बस म्हणाली. पुढच्या खोलीतल्या गृहस्थांनी काठी पुढे केली. सगळे तिकडच्याच गावांतले, सगळ्यांची आईबापांनी लावलेली शिस्त एकच. कोणाला नाही म्हणायचं अर्विनच्या जिवावर येई. प्रत्येकापाशी तो थांबे, हात हातात घेई, आभार मानी. मारिविकने तीनदा घड्याळ शून्यावर आणलं. निवासाच्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं, आणि ते 'कायमची' असावं अशी अर्विनची खात्री झाली. तो मार्गिकेच्या मधोमध उभा राहिला. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"त्याला एकट्याला नाही येत चालता," मेल्वा म्हणाली. आठवड्यात तिचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला. "निच्कींकडे कोणालाच येत नाही. अर्विन, इकडे ये. धर ही खुर्ची."

निवासाच्या बाई म्हणाल्या की चाचणीत तसं बसत नाही.

"घरी तो कुणाबरोबर चालणार आहे, चाचणीबरोबर की माझ्याबरोबर?" मेल्वाने विचारलं. "आणि इथे नको. बाहेर घे. इथे सगळे मध्ये येतात."

अर्विनने खुर्ची धरली आणि दाराबाहेर काढली. फाटक ओलांडलं. शहराची वेस तिथेच संपते आणि कच्चा रस्ता लागतो. केल्विनने गाड्यांसाठी तो सपाट केला होता, तरी खुर्चीची बारीक चाकं खडीवर खडखडायला लागली, दांडे हातात नाचायला लागले आणि अर्विनच्या छातीत ठोके चढले, थोडे खडीमुळे आणि जास्त त्याच्या पायांमुळे. मेल्वा हेलकावे खात बसली होती. मारिविक घड्याळ घेऊन शेजारून निम्मी पळत होती.

"झालं," ती शेवटी म्हणाली. "सहा कधीच होऊन गेली. पास आहात अर्विन. मी सही करते. थांबा आता."

अर्विनचा पाय हळू झाला.

"थांबलास तर बघ," मेल्वा पुढे बघतच म्हणाली.

"मेल्वा, तू घरी येशील ना गं?"

"तू चाल आधी."

तो चालला. मारिविक मागे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ऊन चढलं होतं, वारा समोरून होता आणि मेल्वाचे पांढरे केस उडून त्याच्या हातांना लागत होते. इतक्या वर्षांत त्याने तिला घेऊन हजार वेळा हा रस्ता पार केला होता आणि एकदाही तिचे केस वाऱ्यावर बघितले नव्हते. तो हे मोठ्याने म्हणाला. तिने हात मागे करून त्याच्या मनगटावर ठेवला.

मागून एक युट आली आणि थांबली. आत कोणी तरणा अनोळखी शेतकरी. त्याने काच खाली केली.

"काय झालं काका? गाडी बंद पडली का?"

"नाही," अर्विन म्हणाला. "बायकोला घेऊन फिरायला निघालोय."

त्या पोराला काही उमगेना. गाडी बंद नाही, पुढे मेंढरू नाही, आणि दोन म्हातारी माणसं रणरणत्या रस्त्यावर सावकाश चालली आहेत. असं सावकाश जाणारं त्याने एकच पाहिलं होतं. त्याने गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि प्रेतयात्रा जाताना करतात तसा डोक्यावरची टोपी काढून, मान खाली घालून उभा राहिला.

मेल्वाने खुर्चीतून मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"टोपी घाल बाळा," ती म्हणाली. "कोणी मेलेलं नाही. आम्ही घरी चाललोय."